मामांचा बिल्ला

सातारा आणि सांगली ही तशी सख्खी भावंडे. १९४९ साली सांगलीचा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ असेच होते; ‘सांगली’ हे नाव त्याला मिळाले ते १९६० साली. पण सायकलीच्या बाबतीत या भावंडांचे मुळीच जमत नाही. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, चढउतारावर वसलेले. तिथे माणूस सायकलीवर बसून जितका जातो, तितकाच सायकलीला हाताशी धरून चालतो. सांगली मात्र कृष्णाकाठची, तळहातासारखी सपाट. त्यामुळे नोकरीने सातारकर झालेला मी सायकल विसरलो आणि सांगलीचे आमचे मामा सत्तरीला टेकले तरी सायकलीवरून उतरले नाहीत.

मामांचा धंदा म्हटला तर धंदा, नाहीतर घरकाम. मामी मेतकूट, भाजणी आणि दोन-तीन प्रकारच्या चटण्या करतात. मामा त्यांच्या पुड्या डब्यांत भरतात, डबे कॅरियरला दोरीने आवळतात आणि गावभागापासून विश्रामबागेपर्यंतच्या दुकानांतून पोचवतात. आठवड्यातून दोनदा मिरज. या धंद्याची सारी यंत्रसामग्री म्हणजे मामींचे जाते-पाटे जाऊन आलेला मिक्सर आणि मामांची सायकल. त्या सायकलीचा आता घंटीखेरीज प्रत्येक भाग वाजतो.

गेल्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सुट्या भागांवरचाही तेवढाच उतरला. मला हे वाचून फार आनंद झाला. शिकलेल्या माणसाला सरकारी सवलत कळली, की ती कोणाला तरी समजावून सांगितल्यावाचून चैन पडत नाही. नवरात्रात सांगलीला गेलो आणि पाटावर बसायच्या आधीच मामांना म्हटले, “मामा, आता नवी सायकल घ्याच. कर उतरलाय.”

“किती उतरला?”

मी कागद घेतला. कर सोडून सायकलीची किंमत ६,००० रुपये धरली. पूर्वीचा कर ७२० रुपये, आताचा ३००. वाचले ते नेमके ४२०!

आकडा ऐकून मामी आतून हसल्या. ज्या दंडसंहितेने या आकड्याला बदनाम केले, ती १ जुलै २०२४ ला गेली. बदनामी मात्र अजून जागच्या जागी आहे.

“चारशे वीस वाचले, बरं झालं,” मामा म्हणाले. “पण उरलेले तीनशे? आपल्या शेजारचा टेम्पोवाला व्यापारी सांगत होता, त्याने टेम्पोवर भरलेला कर त्याला वळता करून मिळतो. मग मला?”

आता आली का पंचाईत! मी मराठीचा प्राध्यापक. समास सोडवणे माझे काम, कर सोडवणे नव्हे. तरी एका हिशेबनीस स्नेह्याला फोन करून विचारले. तो म्हणाला ते असे : व्यापारी रीतसर नोंदणी केलेला असेल, तर मालाच्या वाहतुकीसाठी घेतलेल्या टेम्पोवर भरलेला कर तो आपल्या विक्रीवरील करातून वजा करून घेऊ शकतो. चार लाखांच्या टेम्पोवर १८ टक्क्यांनी ७२,००० रुपये होतात. ते सारे वळते होतात. सायकल धंद्यासाठी घेतली, तर तिचेही होतात. पण त्यासाठी नोंदणी हवी. मालाच्या व्यापाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर त्याला नोंदणीची सक्ती नाही. मामांची उलाढाल त्या आकड्याच्या वाऱ्यालाही उभी नाही. म्हणजे मामांना नोंदणीतून सूट, आणि त्या सुटीपायीच तीनशे रुपये त्यांच्या पदरात पक्के!

“मग नोंदणी करून टाकू,” मी उत्साहाने म्हटले.

स्नेही फोनवर हसला. तीनशे रुपयांसाठी मामांनी बिले फाडायची, विवरणपत्रे भरायची आणि ती भरायला माणूस नेमायचा. आयकराचेही तसेच. रीतसर वह्या ठेवणारा धंदेवाईक गाडीच्या झिजेपोटी दरसाल काही रक्कम उत्पन्नातून वजा करतो. ज्याचे उत्पन्न मुळी कराच्या रेषेपर्यंत पोचतच नाही, त्याने ती वजा कशातून करायची? मामांची सायकल झिजते, मामाही झिजतात. पण ती झीज कोणत्याही वहीत चढत नाही.

हे केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून एक योजना आहे. नोकराने मालकामार्फत सायकल घ्यायची आणि तिचे पैसे पगारातून कर कापण्याआधीच वळते करायचे. योजना चांगली चालली. पण जो स्वतःच स्वतःचा मालक आहे, त्याला ती लागू नाही. तिथल्या मामांनीही वर्तमानपत्रात ती वाचून पान उलटले असेल.

जेवणे झाली. मामा उठले, फडताळातला एक पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून पितळेचा एक काळवंडलेला बिल्ला माझ्या हातावर ठेवला. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना तो आठवत असेल. मोटारींचा कर सरकारचा. सायकल, टांगा, बैलगाडी यांचा नगरपालिकेचा. कर भरला की बिल्ला मिळे. तो सायकलीला दिसेल असा लावायचा. वर्ष सरले की जुना बाद.

“ही गोष्ट तुला कधी सांगितली नाही,” मामा म्हणाले.

पन्नासएक वर्षांपूर्वीची ती हकिकत. मामा विशीतले. तेव्हा मेतकूट आजी करायची. एका गावात, गावाचे नाव राहू द्या, तिथल्या नगरपालिकेच्या माणसाने मामांना अडवले. बिल्ला जुना होता. सायकल जप्त झाली. मामांनी डबे डोक्यावर घेतले, हातउसने पैसे काढले आणि दुसऱ्या दिवशी कर व दंड दोन्ही भरून पावती पुढे केली. कारकून म्हणाले, “पावती बरोबर आहे, पण बिल्ले संपलेत. सोमवारी या. बिल्ल्याशिवाय सायकल सोडता येत नाही.” तो दिवस गुरुवार होता.

“कर भरला होता रे,” मामा म्हणाले. “कराचं मला काही वाटलं नाही. पण त्या चार दिवसांत एका मोठ्या दुकानाला मेतकूट पोचलं नाही. त्यांनी दुसऱ्याकडून घेतलं. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. आईनं भाजून ठेवलेलं सगळं तसंच पडलं. ती काही बोलली नाही, पण पुढचे आठ दिवस तिनं जात्याला हात लावला नाही.”

मी बिल्ला उलटसुलट करीत राहिलो. त्याच्यावरचा आकडा पार पुसला गेला होता.

सातारला परतताना गाडीत माझ्या मनात हाच विचार घोळत होता. सवलत मोजण्याचे माप आपण चुकीचे धरतो. किती टक्के उतरले एवढेच पाहतो. ती पदरात पडायला किती हेलपाटे पडतात ते पाहत नाही. छोट्या धंदेवाल्याचा एक दिवस बुडाला, की त्या दिवसाची भाकरी बुडते. म्हणून अर्ज, नोंदणी, पावती, शिक्का असले काहीही न मागणारी सवलत, मग ती ४२० रुपयांची का असेना, मला मोठी वाटते. दुकानात पैसे मोजतानाच ती मामांना मिळते.

मग उरलेले पाच टक्के तरी कशाला? त्याच २२ सप्टेंबरला वह्या आणि पेन्सिली शून्य टक्क्यांवर गेल्या. शाळकरी पोराची पेन्सिल ती मामांची सायकल. पण स्नेह्याने इथेही मला सावध केले. अंतिम वस्तूवर कर माफ झाला, की पोलाद, रंग, सुटे भाग यांवर कारखानदाराने भरलेला कर त्याला वळता होत नाही. तो किमतीतच मुरतो. म्हणजे शून्य लिहिले तरी ते सगळे शून्य नसते. तेव्हा माफी द्यायची तर हा मुरलेला करही कारखानदाराला परत मिळेल अशी तजवीज हवी. ते काम सरकारने आणि कारखान्याने आपसात करावे. त्यांच्याकडे कारकून आहेत. मामांकडे फक्त मामी आहेत.

मामांनी दसऱ्याला सायकल घेतली. फोटो आला : झेंडूची माळ, हँडलवर हळदकुंकू, मागे डबे बांधायची तीच जुनी दोरी. मी फोन करून विचारले, “मामा, पावती नीट ठेवलीत ना?”

“ठेवली की! खिशातच असते.”

“खिशात कशाला? आता सायकलीची पावती कोण विचारतंय?”

“नाही विचारत,” मामा म्हणाले. “पण जवळ असावी.”