रीमेक कोणाच्या सोयीचा?

31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. बरोबर 77 वर्षांनी, 31 जानेवारी 1997 रोजी, जपानच्या स्क्वेअर कंपनीने 'फायनल फँटसी सेव्हन' हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. तारीख जुळली हा योगायोग. चित्र जुळते, त्यावर मात्र बोलले पाहिजे.

गेममधले मिडगार शहर दोन थरांचे आहे. वर पोलादी तबकडीवर सुखवस्तू लोक, खाली तिच्या सावलीत झोपडपट्टी. शिन्रा नावाची वीज कंपनी जमिनीतला जीवनरस उपसते आणि राज्यही तीच करते. बंडखोरांना संपवण्यासाठी ती एक अख्खी तबकडी खालच्या वस्तीवर पाडते आणि आळ बंडखोरांवरच घालते. त्याच 1997 च्या 11 जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मारले गेले, आणि जमाव गॅसचे टँकर जाळणार होता, अशी कहाणी सांगितली गेली. मेलेल्यांवरच आळ घालण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

आता रीमेक बघा. एका गेमचे अनेक भाग करून विकायला काढले. पहिला 10 एप्रिल 2020 ला आला, दुसरा 29 फेब्रुवारी 2024 ला. चित्रे झळाळली, पण गुन्हा सौम्य झाला. जुन्या गेममध्ये तबकडीखाली वस्ती चिरडली जाते. रीमेकमध्ये बरेच रहिवासी वेळेत बाहेर पडतात. जुन्यात अणुभट्टीसारखा तो माको प्रकल्प बंडखोरांचाच बॉम्ब उडवतो, त्याचे ओझे खेळणाऱ्याला वाहावे लागते. रीमेकमध्ये खरा स्फोट शिन्राच घडवते. अत्याचाराची धार गेली आणि बंडाची जबाबदारीही गेली. उरला तो देखणा तमाशा.

मनुवाद्यांना हे तंत्र फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वेद नाकारणाऱ्या बुद्धाला विष्णूचा नववा अवतार करणे, हा या देशातला सर्वात मोठा रीमेक. म्हणून तर 22 प्रतिज्ञांतली पाचवी त्याला थेट नकार देते. आज बाबासाहेबांचा फोटो मंचावर आणि 'जातिप्रथेचे विध्वंसन' कपाटात, हाही रीमेकच.

काही मित्र म्हणतील, मिडगारमध्ये गरीब-श्रीमंत आहेत, जात कुठे आहे? बरोबर. शिन्राच्या इमारतीत जिना आहे. नायक 59 मजले पायी चढू शकतो. आपल्या मनोऱ्यात पैसा आला, पदवी आली, तरी आडनाव विचारले जाते. जपानी लेखकांना सुचलेल्या नरकातही जिना होता, हे लक्षात ठेवा.

दुसरे म्हणतील, पोरांच्या खेळाचा चळवळीशी काय संबंध? या गेममधला बॅरेट कोळसा खाणीच्या कोरेल गावचा. कंपनीच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला, आणि कंपनीने गाव जाळले. आपल्या वणी तालुक्यात उघड्या कोळसा खाणी आहेत. कोळसा बाहेर जातो, धूळ गावात राहते. तिथल्या पोराला बॅरेट समजावून सांगावा लागत नाही.

जुना गेम 2016 पासून अँड्रॉइड फोनवरही आहे. पोरांच्या हातून मोबाइल हिसकावू नका. शेजारी बसा आणि एकच प्रश्न विचारा: ही तबकडी कोणी बांधली, आणि तिचा भार कोणाच्या डोक्यावर आहे?

जय भीम!