उपकेंद्रे हवीतच

मा. संपादक,

उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय असताना अंबरनाथ तालुक्यातल्या गावांत आरोग्य केंद्रांवर खर्च कशाला, हा आपल्या अंकातील लेखाचा प्रश्न शहरात बसूनच सुचू शकतो. बारवी धरणाकडच्या पाड्यावर भात कापताना बाईला घोणस चावली, तर आधी बदलापूर, मग चिठ्ठी घेऊन उल्हासनगर, यात मोलाचा वेळ जातो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. ती, आणि ती देणारा डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रीही हवा.

लेखकाने निकषही अर्धाच सांगितला. 5000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे सपाट प्रदेशासाठी. आदिवासी व डोंगराळ भागात ते 3000 मागे एक हवे.

गावकरी अडाणी म्हणून भगताकडे जातात, हेही मान्य नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवले आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. उपचार दारात आले, तेव्हा लोकांनी ते घेतले. इथल्या आशाताईंना आधी मोबदला तरी वेळेवर द्या.

एखादा वार्ताहर रात्री बदलापूरच्या पुढे पाठवा आणि कोणत्या केंद्रात डॉक्टर भेटला ते छापा.

– एक वाचक, बदलापूर (पूर्व)