जमिनी दिल्या, सोडल्या की देऊन टाकल्या? : भाषांतराच्या एका उसन्या सिद्धान्ताविषयी

इंग्रजीतील 'फ्रेजल व्हर्ब' मराठीत येऊ शकत नाही, तिच्या जागी एखादे भारदस्त क्रियापद बसवून पुढे जावे, ही समजूत आपल्या भाषांतरविद्येच्या वर्गांत जवळजवळ सिद्धान्ताच्या पदाला पोचली आहे. 'गिव्ह अप' दिसले की 'परित्याग करणे', 'टेक ओव्हर' दिसले की 'अधिग्रहण करणे', 'पुट ऑफ' दिसले की 'स्थगित करणे', अशी यादी विद्यार्थी पाठ करतात. ही समजूत मराठीच्या अभ्यासातून निघालेली नाही. ती फ्रेंचच्या अडचणीतून निघालेली आहे, आणि आपण ती न तपासता स्वीकारली आहे.

विने आणि दार्बेलने यांनी 1958 साली फ्रेंच व इंग्रजी यांच्या शैलींची तुलना करणारा ग्रंथ सिद्ध केला. भाषांतरविचारातील त्याचे स्थान कोणी नाकारणार नाही. इंग्रजी क्रियापद हालचालीची रीत सांगते आणि दिशा छोट्या अव्ययावर सोपवते. फ्रेंचमध्ये दिशा मुख्य क्रियापदात शिरते आणि रीत शेपटासारखी मागून येते, ही अदलाबदल त्यात स्वच्छ दाखवली आहे. मराठीही येथे बरीचशी फ्रेंचच्या बाजूची आहे. 'ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर' याचे आपण 'त्याने पोहून नदी ओलांडली' असेच करू. परंतु हे साम्य हालचालीच्या क्रियापदांपुरते आहे. 'ईट अप', 'ड्रिंक अप' येथे फ्रेंचला 'संपवणे' अशा अर्थाचे वेगळे क्रियापद किंवा 'सगळे' असे एखादे पद शोधावे लागते. मराठीत आई मुलाला 'खाऊन टाक' म्हणते, आणि काम होते. फ्रेंचच्या हाती नसलेले संयुक्त क्रियापदाचे साधन आपल्या हाती असताना आपण तिची अगतिकता का अंगीकारावी?

'लिहिणे' या एका धातूकडे पाहावे. लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून टाक, आणि कोणी नको तो करार केला असेल तर लिहून बसला. घटना एकच, पण लाभ कोणाचा, ओझे कोणाचे, पश्चात्ताप आहे की सुटका, हे सहायक क्रियापद सांगते. इंग्रजी अव्यय बहुधा दिशा किंवा क्रियेची परिपूर्ती सांगते. मराठी सहायक क्रियापद कर्त्याचे त्या क्रियेशी असलेले नाते सांगते. दोन्ही एकरूप आहेत असा माझा दावा नाही. उलट, ते एकरूप नाहीत म्हणूनच भाषांतरकाराला निवड करावी लागते. 'परित्याग'सारखा शब्द त्याला या निवडीतून अलगद सोडवतो, आणि माझा आक्षेप नेमका या सोडवणुकीला आहे.

ही निवड किती जड असू शकते, हे पुण्याजवळच्या मुळशीच्या उदाहरणाने कळते. टाटांच्या जलविद्युत योजनेच्या धरणासाठी तेथील शेतकऱ्यांच्या जमिनी 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या गेल्या. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा होती, आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. आता इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात सहज येऊ शकेल असे एक वाक्य घ्या : 'द व्हिलेजर्स गेव्ह अप देअर लँड.' जमिनी दिल्या? सोडल्या? सोडून दिल्या? देऊन टाकल्या? देऊन बसले? फ्रेंच भाषांतरकारही 'सेदे', 'अबांदोने' आणि 'रनाँसे' यांत घुटमळेल. पण मराठीत प्रत्येक पर्याय हा स्वतंत्र इतिहास आहे. 'देऊन टाकल्या' यात त्रासून केलेली सुटका आहे, 'देऊन बसले' यात फसगत. 'परित्याग केला' म्हटले की शेतकरी संन्यासी होतात आणि कंपनी व सरकार दोन्ही दृष्टीआड जातात. 'जमिनींवर पाणी सोडले' हा तर दानविधीतून आलेला अस्सल मराठी प्रयोग. मात्र ज्या शेतांवर खरोखरच पाणी चढले, त्यांच्याविषयी तो वापरताना लेखणी थबकली नाही तर भाषांतरकाराचा कान गेला असे समजावे.

संयुक्त क्रियापदे बोलीतली आहेत, वैचारिक गद्याला ती शोभत नाहीत, असा एक प्रतिवाद होतो. तो मला वर्गभेदाचा वाटतो, भाषेचा नव्हे. 'संपादन' हा तरी कुठला तटस्थ शब्द आहे? आपण ज्ञान संपादन करतो, यश संपादन करतो, आणि त्याच क्रियापदाने शेतकऱ्याची जमीन काढून घेतो. 'काढून घेणे' येथे घेणारा दिसतो, त्याचा लाभ दिसतो आणि ज्याच्याकडून घेतले तोही दिसतो. 'टेक अवे'साठी याहून काटेकोर शब्द पारिभाषिक कोशांतून मिळणार नाही.

बोलीची भलावण करतानाही सावध राहावे लागते. मुळशीच्या बाजूला आजही लोक 'आमची जमीन धरणात गेली' असे म्हणतात. या वाक्यात न दिले आहे, न सोडले आहे. पण घेणाराही नाही. इंग्रजीत नेताना त्याचे 'गेव्ह अप' करणे हा बोलणाऱ्यावर अन्याय होईल, आणि 'वॉज टेकन अवे' केले तर त्याने न उच्चारलेला आरोप आपण त्याच्या तोंडी घालू. मी स्वतः साधे 'वेंट' ठेवीन आणि इंग्रजी वाचकाला अडखळू देईन.