लाल साडीची तसबीर

सुरतेच्या आग्नेयेस, लिंबायत आणि डिंडोली यांच्या शेजारी असलेल्या गोडादऱ्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन ज्या खानदेशी कुटुंबांनी बस्तान मांडले, त्यांच्या घरांतून साडीला लेसपट्टी लावण्याचे आणि टिकल्या-खडे चिकटवण्याचे काम चालत आले आहे; परंतु अलीकडे त्याच घरांतील एखादी सून किंवा कॉलेजात जाणारा मुलगा साड्यांची छायाचित्रे अमळनेर-भुसावळच्या गिऱ्हाइकांकडे परस्पर रवाना करू लागला आहे, आणि रिंगरोडवरील पेढ्यांचे सौदेही माल डोळ्यांनी पाहण्याआधी त्याच्या चित्रावरच ठरू लागले आहेत. अशा वेळी तिकडून तक्रार येते, "दादा, फोटोत मळकट वाटली होती, निघाली एकदम भडक," आणि इकडून कॅमेऱ्याला किंवा गिऱ्हाइकाच्या मोबाइलला दोष देऊन प्रकरण दाखल दफ्तर होते. माझ्या मते या दोघांना विनाकारण आरोपी केले जाते. बरेचसे नुकसान चित्र लहान करताना झालेले असते.

हिशेब साधा आहे. 4000 गुणिले 3000 बिंदूंचे छायाचित्र म्हणजे एक कोटी वीस लाख बिंदू, आणि ज्या मोबाइलच्या पडद्याची रुंदी 1080 बिंदू आहे त्यावर ते उभे मावायचे तर 1080 गुणिले 1440, म्हणजे साडेपंधरा लाखांच्या आसपास बिंदू पुरतात. तेव्हा दर आठ बिंदूंमागे सुमारे सातांना रजा द्यावीच लागते. ती देताना शेजारच्या बिंदूंची सरासरी न काढता मधले बिंदू नुसते गाळले, तर बारीक चौकडीच्या किंवा जाळीच्या साडीवर, कापडात मुळी नसलेल्या, लाटांसारख्या पट्ट्या उमटतात. आणि गिऱ्हाईक बिचारे तीच नक्षी समजून मागणी नोंदवते!

लाल रंगाची कथा याहून करुण आहे. 1992 साली प्रमाणित झालेली जेपेग पद्धत चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडते, उजेड आणि रंग यांची वेगळी नोंद ठेवते, आणि मानवी नेत्राला रंगाचा बारकावा उजेडाइतका कळत नाही या आधारावर रंगाची नोंद बहुधा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मी करते. माणसांच्या चेहऱ्यांना हे खपून जाते. परंतु गडद लाल पोतावरील सुताएवढी जरीची रेघ मोठी करून पाहावी, तर सोनेरी कडेवर लाली पसरलेली आणि लाल भागात पिवळट डाग शिरलेले स्पष्ट दिसतात. असे चित्र एका ग्रुपमधून उतरवून, त्यावर भाव लिहून, पुन्हा जतन करून दुसऱ्या ग्रुपवर टाकले की प्रत्येक फेरीत थोडा ऱ्हास ठरलेला, कारण नकलेची नक्कल काढणाऱ्याला अस्सल दस्तऐवजाचे दर्शनच घडत नाही.

सायबर कॅफेतून आणि स्टुडिओतून "स्क्रीनसाठी बहात्तर डीपीआय करा" असे जे फर्मान आजही सुटते, ते 1984 च्या मॅकिन्टॉशच्या पडद्यावर एका इंचात बहात्तर बिंदू होते त्या काळाचा अवशेष होय. पडद्याला फक्त बिंदूंची संख्या कळते; तो आकडा बहात्तर ठेवा की तीनशे, चित्रात तिळमात्र फरक पडत नाही.

फरक पडतो तो कामाच्या क्रमाने. मूळ फाइल हात न लावता अलग ठेवावी; स्टुडिओचा कॅमेरा अडोबी आरजीबी या रंगव्यवस्थेवर असेल तर रंग आधी पडद्यांच्या नेहमीच्या एसआरजीबी व्यवस्थेत रूपांतरित करावेत, कारण तसे न करता रंगांची ओळखपट्टी गळून पडली की लाल मळकट दिसतो, आणि वरच्या तक्रारीचे एक मूळ बहुधा इथेच सापडते; मग मुळावरून एकदाच आकार कमी करावा, त्यानंतर किंचित धार द्यावी आणि सर्वांत शेवटी जेपेग करावे. आयफोनने 2017 पासून आणलेल्या हेइक फाइललाही हाच नियम. शंभर चित्रांची ही तजवीज इर्फानव्ह्यूसारखे, घरगुती वापरास फुकट मिळणारे साधन एका हुकमात करते. तयार चित्र व्हॉट्सॲपवरून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून जोडले, तर ते जसेच्या तसे पोहोचते. फोटो म्हणून पाठवले, तर काय ठेवावे आणि काय टाकावे याची मुखत्यारी जरी आणि जाळी यांतला भेद न जाणणाऱ्या यंत्राकडे जाते.

एवढे करूनही गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर रंग भडक दाखवण्याची सोय चालू असेल, तर तिथे आपली मात्रा चालत नाही. मोठ्या मागणीच्या पार्टीला म्हणूनच डिझाइन नंबर लिहिलेला कापडाचा तुकडा कुरिअरने पाठवावा. परत आलेल्या पार्सलाच्या भाड्यापुढे तो खर्च किरकोळ आहे.

— तापीकर