बाहुलीच्या लेबलवर आपले नाव

परळ, नायगाव, लालबाग, डिलाईल रोड या भागांत १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्या काळात कितीतरी घरे बायकांच्या हातकामावर तगली. कुणी खानावळ चालवली, कुणी फॉल-बिडिंग केले, कुणी झबली-टोपडी शिवली. आजही आपल्या वस्त्यांमध्ये अनेक भगिनी आणि बचत गट कापडी बाहुल्या, खुळखुळे, दुपटी, गोधड्या बनवतात. ओळखीत, दुकानात, प्रदर्शनात आणि हल्ली मोबाइलवरूनही विकतात. आरोग्याच्या पानावर या धंद्याविषयी लिहिण्याचे कारण साधे आहे. ही वस्तू ज्या बाळाच्या हाती जाते, ते बाळ ती आधी तोंडात घालते.

आता गिऱ्हाईक लेबल मागू लागले आहे. दुकानदारही म्हणतो, "ताई, लेबल लावून आणा, मग माल ठेवतो." लेबल छापून घेणे अवघड नाही. गिरगावात खाडिलकर रोडला लग्नपत्रिका छापतात, तसे छापखान्यात जे लिहून द्याल ते छापून मिळते. 'नॉन-टॉक्सिक', 'बेबी सेफ', 'शंभर टक्के सुरक्षित' हे शब्द छापताना कुणी पुरावा मागत नाही. माझे म्हणणे एवढेच, की असले शब्द आपण विकत घेऊ नयेत. वस्तू आधी सुरक्षित बनवावी, मग जे खरे आहे तेवढेच लेबलवर लिहावे. आणि त्या लेबलवर आपले स्वतःचे नाव, आपल्या वस्तीचा पत्ता असावा.

कायदा काय सांगतो

केंद्र सरकारने २०२० साली खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे त्यामुळे बंधनकारक झाले. कापडी बाहुली, खुळखुळा, सॉफ्ट टॉय ही सगळी खेळणीच आहेत. झबले, दुपटे, गोधडी ही खेळणी नाहीत, म्हणून त्यांना हा आदेश लागत नाही.

हा आदेश उगाच आला नाही. २०१९ साली क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने दिल्ली परिसरातल्या बाजारातून आयात खेळण्यांचे १२१ नमुने घेऊन तपासले. त्यांतले सुमारे ६७ टक्के नापास झाले. स्वस्त खेळणी सर्वात जास्त कुणाच्या घरात जातात, हे वेगळे सांगायला नको.

हाताने खेळणी बनवणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२० मध्ये या आदेशात सवलत दिली गेली. केंद्राच्या विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती नाही. या नोंदणीचे 'पहचान' ओळखपत्र मिळते. अर्ज केल्यावर आपण खरोखर ते काम करतो हे दाखवावे लागते. म्हणून ज्या भगिनी खेळणी विकतात त्यांनी लेबल छापण्याआधी हे ओळखपत्र काढावे. एकटीने खेपा घालण्यापेक्षा महिला मंडळाने दहा-बारा जणींचे अर्ज एकत्र भरले तर काम सोपे होईल. ओळखपत्र हाती येईपर्यंत बाहुल्यांऐवजी झबली, दुपटी, गोधड्या विकाव्यात.

आयएसआय हे चिन्ह शोभेचे नाही. त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते समजते. परवाना नसताना हे चिन्ह छापणे गुन्हा आहे. २०१६ च्या बीआयएस कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख रुपये दंड ठेवला आहे. कुणी आयएसआयचे तयार स्टिकर स्वस्तात देऊ केले तर पकडली जाईल ती विकणारी बाई. स्टिकर देणारा तेव्हा कुठेच नसेल.

सवलत कारागिराला आहे, बाळाला नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. पहचान ओळखपत्र आपले कसब ओळखते. आपल्या बाहुलीच्या रंगात शिसे आहे का, तिचा डोळा ओढल्यावर निघतो का, हे ते ओळखपत्र तपासत नाही. म्हणजे कारखान्याच्या खेळण्याची तपासणी प्रयोगशाळा करते आणि आपल्या खेळण्याची तपासणी आपल्यालाच करावी लागते. ती पुढीलप्रमाणे करावी.

पहिली तपासणी लहान तुकड्यांची. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यात किंवा त्यातून सुटणाऱ्या भागात घशात अडकेल असा तुकडा असता कामा नये. त्यासाठी मानकात सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीचे एक छोटे नळकांडे वापरतात. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो तो धोक्याचा. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जेमतेम रुंद अशी डबी घेतली तर घरी अंदाज येतो. भुलेश्वरातून आणलेले मोती, टिकल्या, घुंगरू, बटणाचे डोळे हे सगळे त्या डबीत मावतात. म्हणून बाहुलीचे डोळे-नाक दोऱ्याने भरावेत. शिवण झाल्यावर प्रत्येक हात, पाय, कान जोर लावून ओढून पाहावा. खुळखुळ्याची शिवण दुहेरी घालावी. बटणासारखा चपटा सेल असलेला दिवा किंवा बाजा बाहुलीत बसवूच नये. तो सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. असे घडलेच तर घरी उपाय न करता मुलाला लगेच केईएम किंवा वाडिया बाल रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

दुसरी तपासणी रंगाची. शिसे मुलाच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते आणि त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या मुलांना हा धोका जास्त आहे, कारण अंगात लोह कमी असले की पोटातले शिसे शरीर जास्त शोषून घेते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे आणि डब्यावर तसे लिहावे लागते. गाड्या किंवा यंत्रे रंगवण्याचा उरलेला रंग लाकडी खेळण्याला कधीही लावू नये. कापडाचा रंग पाहण्यासाठी ओले पांढरे फडके त्यावर घासावे. रंग उतरला तर ते कापड बाळाच्या वस्तूला वापरू नये.

तिसरी तपासणी दोरी आणि भरणाची. तान्ह्या बाळाच्या वस्तूला वीतभर लांब दोरी, नाडी किंवा रिबन ठेवू नये. ती गळ्याभोवती आवळते. भरण नव्या कापसाचे किंवा नव्या फायबरचे असावे. कारखान्यातल्या चिंध्या आणि जुन्या गाद्यांचा कापूस स्वस्त पडतो, पण त्यात धूळ असते आणि कधी टाचणीही सापडते.

लेबलवर काय लिहावे

पिशवीत किंवा डब्यात बंद करून विकलेल्या मालाला २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम लागतात. त्यानुसार वस्तूचे नाव, नगांची संख्या, बनवणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, बनवल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क, एवढे लिहावे लागते. हा मजकूर देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. सोबत मराठीतही लिहिता येतो. तो जरूर लिहावा, कारण आपल्या वस्तीतली आई तोच वाचणार आहे.

कायद्याने मागितले नाही तरी आणखी तीन गोष्टी लिहाव्यात. वस्तू कोणत्या वयासाठी आहे, आत काय भरले आहे आणि ती कोणत्या खेपेतली आहे. खेपेचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. एखाद्या खेपेचे कापड रंग सोडू लागले तर नेमक्या त्याच बाहुल्या परत मागवता येतात. वयाच्या बाबतीत पळवाट काढू नये. खुळखुळ्यावर 'तीन वर्षांवरील मुलांसाठी' असे छापले म्हणून तो मोठ्या मुलाचा होत नाही. तो तान्ह्याच्याच हातात जाणार आहे.

लेबल स्वतःही धोक्याचे असू शकते. टाचणीने, स्टेपलने किंवा प्लॅस्टिकच्या खिळीने लावलेले लेबल बाळ ओढून तोंडात घालते. कापडी पट्टीवर छापून ती शिवणीत पक्की बसवावी.

पत्ता का लपवावा?

आता मुख्य मुद्दा. काही भगिनी लेबलवर वस्तीचा पत्ता टाकायला कचरतात. नगराचे नाव, आडनाव वाचले की गिऱ्हाईक वस्तू खाली ठेवेल, ही त्यांची धास्ती खोटी नाही. म्हणून कुणी नुसते 'दादर, मुंबई' छापते, कुणी एखादे इंग्रजी नाव घेते आणि खरे नाव गाळते.

या धास्तीचा इतिहास याच गिरणगावात आहे. कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय चव्हाट्यावर आणला. ज्यांच्या ओठांचा स्पर्श धाग्याला चालत नव्हता, त्यांच्या नाती-पणती आज जी बाहुली शिवतात ती कुठलेही बाळ तोंडात घेणार आहे. त्या बाहुलीवर नाव लिहिताना मान खाली का घालावी?

यात भावनेपेक्षा जास्त काही आहे. पत्ता नसेल तर काही बिघडल्यावर त्या बाळाची आई आपल्यापर्यंत पोहोचू शकत नाही. तीही बहुधा आपल्यासारखीच कष्टकरी असते. शिवाय व्यापाऱ्याच्या मालावर शिवणारीचे नाव नसतेच. नगाला चार पैसे मिळतात आणि लेबल त्याचे लागते. स्वतःचा माल विकतानाही आपणच आपले नाव पुसले तर मग त्याच्या हाताखाली राबण्यात आणि स्वतःच्या धंद्यात फरक तो काय राहिला? ज्या गिऱ्हाइकाला आपला पत्ता चालत नाही ते जाईल. जे राहील ते वस्तू पाहून राहील. आज थोडे नुकसान होईल हे मी नाकारत नाही. पण लपवलेल्या पत्त्यावर उभा केलेला धंदा पहिल्या तक्रारीलाच कोसळतो.

सरकारकडे काय मागावे

सगळा भार शिवणाऱ्या बाईवर टाकणेही बरोबर नाही. अमेरिकेत २००८ साली मुलांच्या वस्तूंसाठी कडक कायदा झाला. प्रत्येक वस्तूवर कुणी, कुठे, कधी बनवली हे लिहिणे सक्तीचे झाले आणि तपासणीच्या खर्चाने घरगुती कारागीर हवालदिल झाले. २०११ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन थोडा माल बनवणाऱ्यांना काही तपासण्यांतून सूट मिळाली. मात्र रंगातले शिसे आणि घशात अडकणारे तुकडे या तपासण्या कुणालाच माफ केल्या नाहीत. आपल्याकडे नोंदलेल्या कारागिराला सगळेच माफ आहे आणि न नोंदलेलीला काहीच नाही. यात ना बाळाचे भले आहे, ना बाईचे.

आपली मागणी अशी असावी. बचत गटांच्या खेळण्यांच्या प्रत्येक नमुन्याची शिशाची आणि तुकड्यांची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. बीआयएसचे कार्यालय अंधेरीत मरोळला आहे. त्यांच्या अधिकाऱ्यांनी वस्त्यांत येऊन मराठीत माहिती द्यावी. पहचान ओळखपत्राची शिबिरे वॉर्डात भरावीत. नगरसेवकाला आणि आमदाराला लेखी निवेदन द्यावे, पोच घ्यावी.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. रविवारी विहारात महिला मंडळ जमते. त्यात महिन्यातून एक तास मालाच्या तपासणीला द्यावा. एकीने शिवलेली बाहुली दुसरीने ओढून पाहावी, डबीत तुकडे घालून पाहावेत, ओले फडके घासावे, वहीत खेप लिहावी. जी वस्तू उतरली नाही ती उसवून पुन्हा शिवावी. सम्यक आजीविका आपण वंदनेनंतर ऐकतो. शिवणाऱ्या हातांसाठी तिचा अर्थ यापेक्षा वेगळा नाही. अशी तपासलेली बाहुली स्टॉलवर मांडताना लेबलवर पूर्ण नाव लिहा, पूर्ण पत्ता लिहा.