'गेला' म्हणण्यापूर्वी

जुना संगणक सुरू झाला नाही की आपण "गेला!" म्हणून मोकळे होतो. मला हे मान्य नाही. पंखाच फिरत नसेल, तर आधी वायर व पॉवर सप्लाय तपासावा. पंखा फिरूनही पडदा काळाच राहिला, तर पुष्कळदा मेमरीची पट्टी खाचेत सैल झालेली असते. वीज तोडून ती काढावी, तिची टोके खोडरबराने हलकेच पुसावीत, पुन्हा दाबून बसवावी. तारीख वारंवार मागे जात असेल, तर सीआर२०३२ ही ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाहीतर दोष कळत नाही. ज्या घरात दुसरा संगणक येणे नाही, तिथे हे ज्ञान म्हणजे हौस नव्हे, गरज आहे. मित्रहो, नाडी न पाहताच मृत्यूचा दाखला कशाला द्यायचा?