पोलादी नळांच्या पोटातील गंज

दिल्लीच्या हवेत लोखंड सहसा गंजत नाही, असे कुतुबमिनारजवळच्या लोहस्तंभाचा दाखला देऊन सांगणारे लोक अद्यापही भेटतात. ही समजूत निरुपद्रवी नाही. राजधानीच्या परिसरात पाण्यासाठी आणि इंधनवायूसाठी आणलेले पोलादी नळ जमिनीत जाण्यापूर्वी अनेकदा कित्येक महिने उघड्यावर पडून असतात. ते सांभाळणाऱ्याने स्तंभावर विसंबून राहणे महागात पडते.

स्तंभ सुमारे ७ मीटर उंच असून त्याचे वय १६०० वर्षांच्या घरात आहे. त्याच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण बरेच आहे. त्या स्फुरदामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो, हे कानपूरच्या आय. आय. टी. मधील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमणियम यांनी उलगडून दाखविले. हा थर घडण्यास ओले होणे व पुन्हा वाळणे ही आवर्तने साहाय्यक होतात. परंतु १९६१ साली हाच स्तंभ रासायनिक उपचारांसाठी जमिनीतून वर काढण्यात आला, तेव्हा पुरलेल्या भागावर गंजाचे जाड थर आढळले. लोखंड तेच, शहरही तेच. मात्र वरचा भाग उन्हात वाळत होता आणि खालची ओल टिकून राहत होती.

नळाचा अंतर्भाग या दुसऱ्या स्थितीतील आहे. शिवाय स्फुरदाने पोलाद ठिसूळ होते, म्हणून आजच्या पोलादातून तो कटाक्षाने काढून टाकतात.

लोखंड गंजण्यास पावसाचे पाणी पडलेच पाहिजे असे नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६० ते ७० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो, हे व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाने १९३० च्या दशकात दाखविले. धूळ असेल तर काम आणखी सोपे होते. आणि धुळीची दिल्लीस वाण नाही.

आता अर्धा मीटर आतल्या व्यासाचा, १२ मीटर लांबीचा एक नळ घेऊ. ऑगस्टमध्ये ३० अंश तापमानाच्या व ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत त्याची दोन्ही तोंडे घट्ट बंद केली, तर आत सुमारे ५७ ग्रॅम बाष्प कोंडले जाते. जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांवर उतरला की त्यांपैकी २२ ग्रॅमच बाष्परूपात राहू शकतात. उरलेले सुमारे ३५ ग्रॅम पाणी दव होऊन भिंतीवर बसते. प्रत्यक्षात टोपणे इतकी घट्ट नसतातच. दिवस-रात्रीच्या तापमानात १५ अंशांचा फरक पडला, तर आतील हवेचा सुमारे विसावा हिस्सा बाहेर जातो आणि रात्री दमट हवा आत ओढली जाते. नळ जणू श्वासोच्छ्वास करीत असतो. त्यात कारखान्यातील दाबचाचणीचे पाणी तळाशी राहिले असेल, तर विचारायलाच नको.

म्हणूनच माझे स्पष्ट मत असे, की ओला नळ टोपण लावून बंद करणे हे तो उघडा ठेवण्यापेक्षाही वाईट होय. उघड्या नळातून निदान वारा खेळतो. बाहेरून रंग चकचकीत, दोन्ही तोंडांना टोपणे, म्हणजे माल सुरक्षित, अशी नोंद करणारा कोठारपाल आतील पाणीच जपून ठेवीत असतो. पुढे हा गंज सुटून झडपांत अडकतो, पाणी गढूळ करतो आणि त्याखाली पडलेले खड्डे नळाचे आयुष्य घटवितात. त्याची भरपाई अखेर सार्वजनिक पैशातूनच होते.

प्रथम नळ स्वच्छ करून कोरडी हवा फुंकून वाळवावा. जमिनीचा स्पर्श टाळण्यासाठी तो लाकडी ठोकळ्यांवर, एका टोकाकडे किंचित उतार देऊन ठेवावा. थोड्याच दिवसांत वापरायचा असेल, तर तोंडांना जाळी पुरे. पावसाळा काढायचा असेल, तर आत सिलिका जेलसारखा आर्द्रताशोषक ठेवून मगच टोपण घट्ट बसवावे. बाष्परूपाने पसरणारी गंजरोधक द्रव्येही मिळतात. पण पिण्याच्या पाण्याच्या नळांत ती वापरणे मला प्रशस्त वाटत नाही. अशा नळांना आतून सिमेंटचे अस्तर बरे, कारण सिमेंटच्या अल्कधर्मी सान्निध्यात पोलाद सहसा गंजत नाही.

आर्द्रताशोषक एकदा भिजला की निरुपयोगी होतो, हे पुष्कळदा विसरले जाते. खरेदीच्या करारात नळाच्या जाडीइतक्याच स्पष्टपणे त्याच्या तपासणीची तारीख लिहिलेली असावी: एकदा पाऊस सरल्यावर, एकदा धुके पडू लागण्यापूर्वी. त्या वेळी काही नळांची टोपणे काढून, दिव्याच्या उजेडात मधल्या भागापर्यंत पाहावे. केवळ तोंडापाशी बोट फिरवून भागत नाही.